आरए फॅक्टर निगेटिव, तरीही बोटे सुजलेली

प्रश्न : मी इंदूरच्या लोकमान्यनगरात राहते, वय 46. गेले अडीच महिने दोन्ही हातांची बोटे मुळाशी सुजतात, सकाळी तासभर मूठ वळत नाही आणि कणीक मळणे मुलीवर सोपवावे लागले आहे. संधिवातासाठी रक्तात तपासतात तो आरए फॅक्टर दोनदा निगेटिव आला, शरीरातील दाह दाखवणारा ईएसआर मात्र वाढून 52 आहे. रिपोर्ट चांगला असताना संशय कशाला, असे यजमान म्हणतात. तिसऱ्यांदा तपासणी करावी का?

उत्तर : करू नये, पैसे जातील आणि त्याहून मोलाचा वेळ जाईल. ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटून होणारा संधिवात, याच्या साधारण पाचांपैकी एका रुग्णाच्या रक्तात आरए फॅक्टर सापडतच नाही. उलट क्षय, हिपॅटायटिस सी किंवा नुसते उतारवय असले, तरी तो पॉझिटिव येऊ शकतो. त्यामुळे निव्वळ त्या आकड्यावरून आजार आहे किंवा नाही, असा निकाल देता येत नाही.

आता अँटी-सीसीपी ही याच आजारासाठीची दुसरी रक्ततपासणी करून घ्यावी. ती पॉझिटिव आली तर निदानाला मोठे बळ मिळते, कारण इतर आजारांत ती क्वचितच पॉझिटिव येते. परंतु तीही सुमारे एक तृतीयांश रुग्णांत निगेटिव असते. सोबत ईएसआरसारखेच दाह दाखवणारे सीआरपी पाहावे. 'आर्थ्रायटिस प्रोफाइल' नावाच्या पॅकेजात युरिक ॲसिड आणि एएसओ (घशाच्या जंतुसंसर्गाची खूण) हमखास घातलेले असतात, पण आपल्या तक्रारीत त्यांचा फारसा उपयोग नाही.

2010 च्या आंतरराष्ट्रीय निकषांत 10 पैकी 6 गुण झाले की हा आजार धरतात. त्यात आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या प्रतिपिंडांना जास्तीत जास्त 3 गुण आहेत, सांध्यांना मात्र 5 पर्यंत. म्हणूनच ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट (संधिवाततज्ज्ञ) बोटांचा एकेक सांधा दाबून सूज मोजतात. सूज अस्पष्ट असेल तर सोनोग्राफीने ती दिसते, एक्स-रे मात्र सुरुवातीला बहुधा नॉर्मलच असतो. दुखणे तापानंतर सुरू झाले असल्यास चिकुनगुन्याची शक्यता सांगावी, आणि टाळूवर किंवा नखांवर सोरायसिसच्या खुणा असल्यास त्याही दाखवाव्यात, कारण या दोन्हींत सांधे असेच सुजतात आणि आरए फॅक्टर बहुधा निगेटिव राहतो.

ऱ्हुमॅटॉलॉजिस्टची भेट लांबवू नये. सांध्यांची झीज पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच सुरू होऊ शकते. तोवर कुणाच्या सांगण्यावरून स्टेरॉइडची गोळी घेऊ नये, कारण तिने सूज उतरते आणि तपासणाऱ्याला दिसायचे तेच झाकले जाते.