वर्गात दादागिरी करणाऱ्या मुलाच्या घरची परिस्थिती हलाखीची आहे असं कळलं. शिक्षक म्हणून आता काय करू?

तुमच्या प्रश्नातलं एवढं मी धरून चालतो: जिल्हा परिषदेची शाळा, सहावीचा वर्ग. तेरा वर्षांचा एक मुलगा चौथी-पाचवीतल्या पोरांचे बिस्किटपुडे हिसकावतो, दोन-पाच रुपये काढून घेतो, कोणी नाही म्हटलं तर नळावर गाठून बदडतो. आईवडील ऊसतोडीला गेलेत, घरी आजी आणि धाकटी बहीण. ‘गरीब आहे म्हणून सोडून द्यायचं का?’ असं तुम्ही विचारलंय.

सोडायचं नाही. त्याच्याइतकीच गरीब दहा पोरं त्याच वर्गात बसलेली असतात आणि ती कोणावर हात उगारत नाहीत. मार खाणाराही बहुधा तसल्याच घरातला असतो. तेव्हा गरिबी ही सबब नाही, पण तो कधी आणि कुठं मारणार हे तिच्यावरून बऱ्यापैकी कळतं. तुम्हाला उपयोग आहे तो त्याचाच.

आधी मार खाणाऱ्यांचं बघा, आणि ते आजच. नळ, स्वच्छतागृहाची मागची बाजू, खिचडीची रांग आणि घरची वाट, बहुतेक प्रकार इथंच होतात. मधल्या सुट्टीची पहिली दहा मिनिटं एक शिक्षक नळापाशी उभा राहिला तरी निम्मं थांबतं. आणि सगळ्यांसमोर ‘माफी माग, हात मिळवा’ हे करू नका. मार खाल्लेल्या पोराला तो हात हातात घेताना घाम फुटतो आणि घरच्या वाटेवर त्याची वसुली होते.

मग एक वही घ्या आणि तीन आठवडे नोंद ठेवा. चार रकाने पुरतात: वार आणि वेळ, जागा, कोणाला मारलं, आणि त्याआधीच्या अर्ध्या तासात काय घडलं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच कोणी भरत नाही. या परिस्थितीतल्या मुलांत साधारण तीन गोष्टी सापडतात.

एक, सोमवारची सकाळ. शनिवारची खिचडी हे त्याचं शेवटचं पोटभर जेवण असू शकतं. आजीच्या हातची एक भाकरी दोघा भावंडांत वाटली जाते, तीही रात्री. दुसऱ्या तासाला तो डोकं बाकावर टाकतो आणि तिसऱ्या तासाला कोणाच्या तरी अंगावर जातो. यावर उपाय म्हणजे शाळेत फुटाणे आणि गुळाचा एक डबा. परिपाठाआधी ज्याला हवं त्यानं मूठभर घ्यावं, विचारणा नाही, नोंद नाही. ‘कोण उपाशी आलंय?’ हा प्रश्न विचारलात की तो डबा त्याच्यापुरता संपला. पोषण आहारात सहावी ते आठवीला रोज माणशी १५० ग्रॅम धान्य आहे, पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम. सगळ्यांना एकाच पळीनं वाढलं तर मोठी पोरं अर्धपोटी उठतात, हे स्वयंपाक करणाऱ्या ताईंशी एकदा बोलून घ्या. दुसऱ्यांदा वाढायचं तर साऱ्या पंगतीला विचारून वाढा. तो खिचडी डब्यात भरून दप्तरात लपवत असेल तर ओरडू नका, ती बहुधा बहिणीची असते.

दोन, प्रकट वाचनाचा तास. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळीबरोबर जाऊन गुढीपाडव्यानंतर परतणारं पोर निम्मं वर्ष शाळेबाहेर असतं. यंदा गावात ठेवला असला तरी मागचा खड्डा तसाच असतो. सहावीत बसून तिसरीचं वाचतो. उभं करून वाचायला लावलं की वर्ग हसतो, आणि पहिल्यांदा कोण हसलं हे तो लक्षात ठेवतो. त्याला कुठल्या चार ओळी वाचायच्या आहेत ते आदल्या दिवशी एकट्याला सांगा, तुमच्यासमोर दोनदा म्हणवून घ्या. फार साधा उपाय आहे, पण मारामारीवर याच्याइतका लवकर लागू पडणारा दुसरा मला माहीत नाही.

तीन, ‘उद्या साहित्य घेऊन या’. रंगपेटी, कार्डशीट, सहलीचे पैसे. त्या दिवशी पैसे हिसकावले जातात किंवा दुसऱ्याची कंपासपेटी मोडली जाते. साहित्य शाळेच्या कपाटात ठेवून गटात वाटलं की प्रश्न मिटतो. वर्गासमोर ‘वडील काय करतात?’ हे विचारणंही याच रकान्यात धरा.

बोलायचं ते ऑफिसात समोर उभं करून नाही. झाडांना पाणी घालताना, पुस्तकं लावताना, शेजारी शेजारी, पाच-सात मिनिटं. ‘घरी काय प्रॉब्लेम आहे?’ याचं उत्तर ‘काही नाही सर’ हेच येणार. त्यापेक्षा सकाळी उठवतं कोण, पाणी कोण भरतं, काल रात्री किती वाजता जेवलास, झोपतोस कुठं, असं विचारा. सगळं कळतं. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका, ते मोडायची वेळ येऊ शकते.

अंगाकडेही लक्ष असू द्या. गुडघे, नडगी, कोपरं खेळताना फुटतात. पाठ, कान, मान, दंडाची आतली बाजू, मांडीची मागची बाजू सहसा खेळताना फुटत नाही. तिथं वळ दिसले तर १०९८ ही चाइल्डलाइन मोफत आणि चोवीस तास आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्ष आणि बालकल्याण समितीपर्यंतही प्रकरण नेता येतं. हे मुख्याध्यापकांना लेखी कळवून करा.

आजीला चिठ्ठी त्याच्या हाती पाठवू नका, ती ओढ्यात जाते. संध्याकाळी स्वतः जा. आईवडिलांना फोन करायचा तर रात्री, गाडी भरून ते कोपीवर, म्हणजे मुक्कामाच्या झोपडीवर, आल्यावर. पहिल्या फोनमध्ये तक्रार नको, त्यानं केलेली एखादी बरी गोष्ट सांगा. पहिलाच फोन तक्रारीचा गेला तर वडील म्हणतात, ‘हाणा सर त्याला, माझी परवानगी आहे.’ त्या परवानगीला अर्थ नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद केलेत. ‘दाखला हातात देईन’ ही धमकीही पोकळ आहे, कारण कलम १६ नुसार आठवीपर्यंत मुलाला काढता येत नाही. आणि ऊसतोडीहून परतलेल्या बापानं दिलेला मार दुसऱ्या दिवशी चौथीतल्या पोराच्या पाठीवर उतरतो, ही साखळी तुमच्या वहीत दिसेलच.

त्यानं भरपाई करायलाच हवी, पण पैशात नाही. पैसे मागितले की तो दुसऱ्याचे काढतो. पेन मोडला तर आठवडाभर मधल्या सुट्टीत वाचनालयाची फाटकी पुस्तकं तुमच्याजवळ बसून चिकटवायची. संडास धुणं, अंगणात उभं राहणं, असलं काही नाही. दर वेळी तेवढीच शिक्षा, आवाज न चढवता.

‘त्यालाच मॉनिटर करा, सुधारतो’ हा सल्ला तुम्हाला स्टाफरूममध्ये मिळेल. तो ऐकू नका. दादागिरीला शाळेचा शिक्का मिळतो, बाकी काही होत नाही. खिचडी वाढायचं कामही देऊ नका, कोणाच्या ताटात किती पडेल ते तो ठरवायला लागेल. जबाबदारी द्यायची ती वस्तूंची द्या: घंटा, पाण्याची मोटर, चेंडू-पंप.

कागदपत्रांचं एक काम लगेच उरका. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी गावात हंगामी वसतिगृह मंजूर असेल तर यादीत भावंडांची नावं आहेत का बघा. सर्वेक्षणाच्या वेळी ‘पोरं सोबत जाणार’ असं आईवडिलांनी सांगितलं असेल तर नाव वगळलेलं असतं. मग पोरं गावात आणि जेवण कागदावर. शाळा व्यवस्थापन समितीपुढे विषय घ्या, केंद्रप्रमुखांना लेखी द्या. आई किंवा वडील हयात नसतील, वेगळे झाले असतील किंवा दुर्धर आजारी असतील तर बालसंगोपन योजनेत दरमहा २२५० रुपये मिळतात. त्याचा निर्णय बालकल्याण समिती करते. बोनाफाइड शाळेनंच द्यायचं असतं, ते अडवू नका.

फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात. आधी सोमवार शांत होतात, घरच्या वाटेवरचा त्रास सगळ्यात शेवटी थांबतो. गुढीपाडव्याच्या सुमारास आईवडील परततील. ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली उचल फिटली नसेल, तर त्या दोन आठवड्यांत सगळं पुन्हा उसळेल. तेव्हा वही बंद करू नका आणि नळापाशी पुन्हा उभे राहा.