जेवणामुळे माणसं खरंच जोडली जातात का? गिरणगावातल्या खानावळींवरून सांगतो

तुम्ही विचारलंय की जेवणातून संस्कृती घडते, माणसं जवळ येतात असं सगळेच म्हणतात, पण त्याचं एखादं खरंखुरं उदाहरण आहे का. आहे की! मुंबईतलं गिरणगाव, म्हणजे लालबाग, परळ, डिलाईल रोड हा सगळा कापड गिरण्यांचा पट्टा, आणि तिथल्या खानावळी. आमचे आजोबा गिरणीत होते आणि आजी मुंबईला येईपर्यंत खानावळीतच जेवायचे, त्यामुळे हे घरात ऐकत मोठा झालोय.

कोकण, सातारा, सांगली, कोल्हापूरकडून गडी यायचे, बायकापोरं गावी, एका खोलीत वीस-वीस जण, झोपायचं सुद्धा पाळीप्रमाणे, तिथे चूल कुठे मांडणार? मग चाळीतलीच एखादी बाई, घर भागत नाही म्हणून, मेंबर धरायची, म्हणजे महिन्याच्या पैशावर रोज जेवणारी गिऱ्हाइकं. गडी शक्यतो आपल्याच भागातली बाई बघायचे. कोकणातल्याला भात नि माशाचं कालवण, घाटावरच्याला भाकरी नि झणझणीत आमटी. आणि तिथेच जेवता जेवता कळायचं की गावाकडे पाऊस पडला का, कुठल्या गिरणीत बदली कामगार घेतायत, नव्या पोराला कोणाच्या ओळखीने चिकटवता येईल.

पैसे पगार झाल्यावर, जेवला नाहीत त्याचा खाडा वजा. म्हणजे महिनाभर बाई वाण्याची उधारी नाहीतर सावकाराचं व्याज डोक्यावर घेऊन रांधणार. संप झाला की मेंबरचा पगार बंद, पण कित्येक बायकांनी तेव्हाही अंगावरचा दागिना गहाण ठेवून माणसांना जेवू घातलंय. मला तर वाटतं माणसं खरी जोडली गेली ती या उधारीच्या वहीने, चवीपेक्षा जास्त.

पण एकत्र राबलं-खाल्लं की भेद आपोआप मिटतात हे मला अजिबात पटत नाही. खानावळीही बऱ्याचदा गाव आणि जात बघूनच असायच्या. गिरणीतल्या विणखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात, धोट्यातला (मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनातला) धागा तोंडाने ओढायला लागायचा, मग तो उष्टा होऊन विटाळ होतो म्हणून अस्पृश्य कामगारांना त्या जास्त पगाराच्या खात्यात घेतच नव्हते, १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. उष्ट्याचा नियम स्वयंपाकघरातून थेट मशीनपर्यंत पोचलेला, बघा!

१९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. एकेकटीकडे तारण ठेवायला काही नव्हतं म्हणून गट करून, एकमेकींना जामीन राहून बँकेचं कर्ज काढलं आणि सावकाराचा फास सैल केला. याचं मला खूप मोल वाटतं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि कितीतरी मेंबर गावी परतले.

लालबाग-परळच्या जुन्या कुटुंबात कोणी म्हातारं माणूस असेल तर "कोणाकडे जेवायला होता?" एवढंच विचारून बघा, तासभर तरी उठू देणार नाहीत.