सुपरहीटरची ट्यूब राखेनं घासली की क्षारांनी खाल्ली?

प्रश्न असा आहे: कोळशावरच्या बॉयलरमध्ये फायनल सुपरहीटरच्या, म्हणजे वाफ शेवटच्या टप्प्यात आणखी तापवणाऱ्या, ट्यूब बाहेरून पातळ होऊन फुटतात. वाफ 540 अंश सेल्सियसच्या वर जात नाही. T22 हे मिश्र पोलाद काढून जास्त क्रोमियमचं T91 टाकलं तर भागेल का?

बहुतेक नाही. पण आधी ट्यूब कशानं पातळ झाली ते पाहा. उडत्या राखेनं घासलेला भाग गुळगुळीत, चकचकीत असतो, त्यावर पोपडा टिकत नाही. क्षारांनी खाल्लेली ट्यूब उलट जाड पोपड्याखाली खाल्लेली सापडते. गॅस येतो ती बाजू घड्याळातले 12 धरली, तर झीज 10 आणि 2 पाशी सर्वांत जास्त असते. पोपडा आडवा फोडला की बाहेर सच्छिद्र राख, मध्ये पांढरट थर आणि धातूला चिकटलेला पातळ काळा थर दिसतो. खालचा धातू सुसरीच्या पाठीसारखा. नमुना घेण्याआधी पाणी मारू नका. मधला थर पाण्यात विरघळतो आणि पुरावाच वाहून जातो.

त्या मधल्या थरातच खरा गुन्हेगार असतो. कोळशातल्या सोडियम-पोटॅशियमचे सल्फेट, लोहाचं ऑक्साइड आणि सल्फर ट्रायऑक्साइड मिळून अल्कली आयर्न ट्रायसल्फेट तयार होतं. पोटॅशियमचं 618 अंशांना वितळतं, सोडियमचं 624 ला, दोन्हींचं मिश्रण मात्र 552 लाच. वितळलेला हा क्षार धातूवरचं संरक्षक ऑक्साइड विरघळवतो. झीज साधारण 650 ते 700 च्या दरम्यान कळस गाठते. त्यापुढे हे संयुगच मोडतं, म्हणून ती उतरते.

वाफ 540 म्हणजे धातू 540 नव्हे. बाहेरचा पृष्ठभाग वाफेपेक्षा कितीतरी अंशांनी गरम असतो. आतून ऑक्साइडचा थर वाढला की उष्णता अडते आणि धातू आणखी तापतो. गॅसच्या वाटेबाहेर, हेडरजवळ (ट्यूब जिथे जोडल्या जातात त्या जाड पाइपजवळ) लावलेला थर्मोकपल तर जवळपास वाफेचंच तापमान दाखवतो. त्यावर विसंबू नका.

म्हणून 10, 12 आणि 2 ला अल्ट्रासॉनिकनं जाडी घ्या, आतल्या ऑक्साइडची जाडीही मोजा. झीज ठरावीक ट्यूबमध्येच असेल तर वाफेचा किंवा गॅसचा असमान प्रवाह शोधा, तो सुधारणं नव्या ट्यूबपेक्षा स्वस्त पडतं.

T91 मध्ये क्रोमियम 9 टक्केच. ताकद वाढते, या क्षारापुढे फारसा फरक पडत नाही. 18 टक्क्यांचं 347H स्टेनलेससुद्धा खाल्लं जातं. 25 टक्क्यांच्या 310 स्टेनलेसचं बाह्य आवरण असलेली ट्यूब बरीच टिकते. थोड्याच ट्यूबचा प्रश्न असेल तर समोरच्या बाजूला स्टेनलेसची शील्ड (संरक्षक पत्रा) बसवा, पण ती ट्यूबला घट्ट टेकलेली हवी. सैल शील्ड स्वतःच तापून वाकते आणि गळून पडते. शिवाय 347H सारख्या ऑस्टेनिटिक (क्रोमियम-निकेल स्टेनलेसच्या) ट्यूबमधलं आतलं ऑक्साइड बॉयलर थंड होताना सुटून खालच्या वळणात साचतं आणि वाफेची वाट अडवतं. शटडाउननंतर ती वळणं रेडिओग्राफीनं तपासल्याशिवाय बॉयलर पेटवू नका.