लोकर किती लागेल, हरवलेले भाग कुठे? ‘डॉक्टर हू’विषयी वाचकांचे प्रश्न

(बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानमालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी सुरू झाली. बाहेरून पोलिसांची निळी पेटी दिसणारं ‘टार्डिस’ हे यान आणि मरायला टेकला की नवं शरीर धारण करणारा नायक, एवढ्या भांडवलावर ती इतकी वर्षं टिकली आहे. गेल्या अंकातल्या आवाहनानंतर आलेल्या पत्रांपैकी काहींना ही उत्तरं.)

मुलगी म्हणते 2005 पासून बघा, भाचा म्हणतो 1963 पासून. शिवाय ‘पहिला सीझन’ शोधला की तीन वेगवेगळ्या गोष्टी समोर येतात. नेमकं काय बघायचं? (नाशिक)

तिन्ही ‘पहिले’ खरेच आहेत. 1963 ते 1989 या काळातले 26 सीझन म्हणजे जुनी मालिका. 2005 मध्ये ती नव्यानं सुरू झाली तेव्हा मोजणी पुन्हा एकपासून धरली; 2021 पर्यंत असे 13 सीझन झाले. 2024 मध्ये आकडा परत एकवर आणला. म्हणून शोधताना नुसता आकडा न टाकता साल टाका.

मुलीचं ऐका. 26 मार्च 2005 चा ‘रोझ’ हा भाग लावा. तीन चतुर्थांश तासात यान, डॉक्टर आणि त्याची तऱ्हा सगळं कळतं. भाच्याचा मान राखायचा तर 1963 चा फक्त पहिला भाग बघा. पंचवीस मिनिटांचा आहे आणि आजही धरून ठेवतो. त्याच कथेचे पुढचे तीन भाग गुहेतल्या माणसांचे आहेत. ते राहिले तरी बिघडत नाही. त्यानंतर 1979 ची ‘सिटी ऑफ डेथ’ घ्या. चार भाग आहेत, पॅरिसमध्ये चित्रित झालेली आहे आणि संवाद चुरचुरीत आहेत.

जुन्या मालिकेबाबत एक पथ्य पाळा. चार किंवा सहा भागांची कथा एका बैठकीत संपवू नका. दर आठवड्याला एक भाग या हिशेबानं ती लिहिलेली आहे. ओळीनं बघितलं की तीच पकडापकड, तीच कोठडी आणि तीच सुटका डोळ्यांवर येते. रोज एक, फार तर दोन भाग बघावेत.

मुलीला चौथ्या डॉक्टरचा लांब मफलर विणून द्यायचा आहे. विणकाम येतं, पण एवढं मोठं काम कधी केलेलं नाही. लोकर किती आणि टाके किती घ्यावेत? (ठाणे)

मुळात हा मफलर एका गैरसमजातून एवढा लांब झाला. 1974 मध्ये वेशभूषाकार जेम्स अ‍ॅचेसन यांनी रंग निवडता यावेत म्हणून भरपूर लोकर पाठवली आणि विणणाऱ्या बेगोनिया पोप यांनी ती सगळीच विणून टाकली. चौथा डॉक्टर साकारणाऱ्या टॉम बेकर यांना तो तसाच आवडला. तेव्हा एक पट्टा चार ओळींनी चुकला म्हणून उसवत बसू नका.

वीण सर्वांत सोपी, सगळ्या ओळी सुलट. डबल निटिंग जाडीची लोकर आणि 8 नंबरच्या, म्हणजे 4 मिलिमीटरच्या सुया घ्या. सुईवर 60 टाके घाला. मध्यम हाताला 10 सेंटिमीटरमध्ये साधारण 22 टाके आणि 40 ओळी बसतात. त्या मापानं रुंदी 27 सेंटिमीटर होते. ती जास्त वाटेल, पण कमी करू नका. गळ्यात अडकवल्यावर मफलर स्वतःच्या वजनानं खाली ओढला जातो आणि अंगानं बारीक होतो. 40 टाक्यांवर विणलेल्याची पंधरा दिवसांत नाडी होते.

लांबी 12 फूट पुरे, म्हणजे 365 सेंटिमीटर. ओळी होतात 1,460 आणि टाके 87,600. मिनिटाला 30 टाके धरले तरी जवळजवळ पन्नास तासांचं काम आहे. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सुरू करू नका! सरळ सुयांऐवजी 80 सेंटिमीटरची गोल सुई वापरा. अर्ध्यावर आल्यावर सगळं वजन मनगटावर येतं, गोल सुईवर ते मांडीत पडून राहतं.

लोकरीचा अंदाज दुकानदाराला विचारू नका, स्वतः काढा. 30 टाके, 40 ओळींचा नमुना विणा, धुवा, वाळवा, मोजा आणि स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. समजा तो 13.6 बाय 10 सेंटिमीटर आला आणि 7 ग्रॅम भरला. मफलरचं क्षेत्रफळ 27 गुणिले 365, म्हणजे 9,855 चौरस सेंटिमीटर. त्याला 136 नं भागून 7 नं गुणलं की सुमारे 507 ग्रॅम येतात. गोंडे आणि प्रत्येक रंगाचं थोडं उरणं धरून 650 ग्रॅम घ्या. एका रंगाचे सगळे गुंडे एकाच लॉटचे आहेत ना, हे लेबलवर बघून घ्या. नंतर आणलेला मोहरी रंग आधीच्याशी कधीच जुळत नाही.

रंग सात: जांभळा, उंटाच्या अंगासारखा फिकट तपकिरी, काशाचा, मोहरी, विटकरी, राखाडी आणि शेवाळी. पट्टे मुद्दाम असमान ठेवा, एखादा 8 ओळींचा तर एखादा 50 च्या पुढचा. मात्र प्रत्येक पट्ट्यात ओळी सम संख्येत हव्यात. तसं केलं की रंग नेहमी एकाच बाजूनं बदलतो आणि रंगांच्या सांध्यावर दिसणारी तुटक ठिपक्यांची रेघ मागच्या बाजूला राहते. विषम ओळ विणली की ती रेघ पुढे येते, आणि लोक म्हणतात ‘कुठेतरी चुकलंय’, पण कुठे ते सांगता येत नाही. सुटी टोकं त्या त्या पट्ट्यातच लगेच ओवून टाका. शेवटी एकदम ओवायची ठरवली तर पन्नासच्या वर टोकं वाट बघत असतात.

लोकर अ‍ॅक्रिलिक असेल तर इस्त्री अजिबात फिरवायची नाही. उष्णतेनं वीण चपटी होते आणि पुन्हा फुगत नाही. धुतल्यावर टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि चादरीवर आडवा पसरून वाळवा. दोरीवर टाकलात तर 12 फुटांचे 15 होतील. ठेवताना घडी घालून ठेवा, खुंटीला नको. आणि मुलीला बजावून सांगा, दुचाकीवर बसताना मफलर पिशवीत.

जुन्या मालिकेतले बरेच भाग ‘हरवले’ असं वाचलं. एवढी प्रसिद्ध मालिका हरवते कशी? आणि ते भाग बघायचे कसे? (कोल्हापूर)

हरवले हा सभ्य शब्द झाला. ते पुसले गेले. त्या काळची दोन इंची व्हिडिओ टेप महाग होती आणि पुन्हा वापरता यायची. कलाकारांशी झालेल्या करारांमुळे पुनर्प्रक्षेपणावर मर्यादा होत्या, घरी बघायची व्हिडिओ कॅसेट आलेली नव्हती, आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झाल्यावर कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक उरलं नाही. कपाट रिकामं करणाऱ्याच्या दृष्टीनं ती रद्दीच होती.

तरीही बरंच वाचलं, ते परदेशी विक्रीमुळे. परदेशात पाठवायला टेपवरून 16 मिलिमीटर फिल्मच्या प्रती काढत. एका देशात दाखवून झालेली प्रत बऱ्याचदा पुढच्या देशाला जायची. शेवटी ती परत करायची किंवा नष्ट करायची असा शिरस्ता होता. तो सगळीकडे पाळला गेला नाही, हे आपलं नशीब. ‘द टूम ऑफ द सायबरमेन’चे चारही भाग हाँगकाँगहून परत आले आणि 1992 मध्ये प्रेक्षकांना मिळाले. 2013 मध्ये नायजेरियातल्या जोस शहरातून नऊ भाग सापडल्याचं जाहीर झालं, तेव्हा बेपत्ता भागांची संख्या 106 वरून 97 वर आली.

आता बघायचं कसं. चित्र गेलं असलं तरी प्रत्येक हरवलेल्या भागाचा आवाज शिल्लक आहे. घरोघरच्या चाहत्यांनी टीव्हीसमोर मायक्रोफोन धरून किंवा संचातून थेट तार काढून ते ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. त्याशिवाय जॉन क्युरा नावाचे छायाचित्रकार पडद्याचे फोटो काढून निर्मात्यांना आणि कलाकारांना विकत. एकेका भागाचे साठेक फोटो असत. आवाज आणि हे फोटो यांच्या आधारानं पुढे अ‍ॅनिमेशन झाली.

सुरुवात ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’नं करा (डालेक म्हणजे चिलखती यंत्रात बसलेले, डॉक्टरचे परग्रहावरचे शत्रू). 1966 ची सहा भागांची कथा, एकही भाग शाबूत नाही, अ‍ॅनिमेशन 2016 चं. हालचाल जरा लाकडी आहे, चेहरे फारसे वळत नाहीत. पण कथा मुख्यतः संवादांवर चालते, त्यामुळे दहा मिनिटांत डोळा सरावतो. दुसरी ‘द वेब ऑफ फिअर’. नायजेरियात मिळालेल्यांपैकी ही एक. हिचा फक्त तिसरा भाग नाही. ‘मार्को पोलो’चे सातही भाग गेलेले आहेत. तिची निवेदनासह ध्वनिआवृत्ती ऐका, निवेदन पहिल्या डॉक्टरच्या सोबत्याचं काम करणाऱ्या विल्यम रसेल यांचं आहे. हेडफोन लावून, अंधारात ऐका. भांडी घासताना ऐकलीत तर अर्ध्या ठिकाणी कोण बोलतंय कळणार नाही.

एक चुटपुट लागते. 29 ऑक्टोबर 1966 ला पहिले डॉक्टर विल्यम हार्टनेल जाऊन दुसरे पॅट्रिक ट्रॉटन आले, ते पहिलं रूपांतर ज्या भागात आहे तोही गेला. त्यातला शेवटचा रूपांतराचा क्षण तेवढा वाचला, कारण ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा 1973 मध्ये दाखवला होता.

कॉलेजच्या एकांकिकेत डालेकचा आवाज हवा आहे. मोबाइलवरची अ‍ॅप वापरून बघितली, नुसती घरघर येते. (पुणे)

घरघर येते कारण बहुतेक अ‍ॅप आवाज खाली ओढतात. डालेकचा आवाज खालचा नाही, कापलेला आहे. 1963 मध्ये पीटर हॉकिन्स आणि डेव्हिड ग्रॅहम बाजूला बसून मायक्रोफोनवर बोलत आणि तो आवाज रिंग मॉड्युलेटरमधून जाई. हे यंत्र तुमचा आवाज दुसऱ्या एका स्वराशी गुणतं. तो स्वर 30 हर्ट्झचा ठेवा. मग 200 हर्ट्झचा आवाज नाहीसा होऊन त्याच्या जागी 170 आणि 230 असे दोन येतात. तो धातूचा खरखरीतपणा तिथून येतो.

संगणकावर ऑडॅसिटी हे ध्वनिसंपादनाचं सॉफ्टवेअर असेल तर ध्वनिमुद्रण निवडून ट्रेमोलो हा इफेक्ट लावा: लहर साइन, प्रमाण 100 टक्के, वारंवारता 30 हर्ट्झ. ट्रेमोलोत मूळ आवाजही शिल्लक राहतो, त्यामुळे नक्कल तंतोतंत नाही, पण सभागृहात फरक कळत नाही. 5 हर्ट्झवर आवाज पंख्यासमोर बोलल्यासारखा होतो, 100 च्या पुढे शब्द समजत नाहीत.

खरं काम मात्र तोंडाचं. 30 हर्ट्झला एक आवर्तन 33 मिलिसेकंदांचं. झटकन उच्चारलेलं अक्षर 100 मिलिसेकंदांत संपतं, म्हणजे त्यात जेमतेम तीन आवर्तनं बसतात आणि कानाला काहीच जाणवत नाही. प्रत्येक स्वर निदान पाव सेकंद ताणा. ‘नष्ट करा’मधला ‘रा’ छान वाजतो, ‘मारून टाक’मधला ‘क’ गिळला जातो. संवाद लिहितानाच शेवटी आ, ए, ओ येईल असं बघा. अक्षरं सुटी सुटी, एकाच पट्टीत, आणि राग चढला की पट्टी वर. डोक्यावरचे दिवे प्रत्येक अक्षरासोबत लागले पाहिजेत. रंगमंचावर तीन डालेक असले तर कोण बोलतोय हे प्रेक्षकांना त्यावरूनच कळतं.

जुन्या भागांत माणसं खोलीत असताना चित्र वेगळं आणि अंगणात गेली की वेगळं दिसतं. आमचा टीव्ही बिघडलाय का? (एडिसन, न्यू जर्सी)

टीव्ही ठीक आहे. स्टुडिओतलं चित्रण इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्यावर, सेकंदाला 50 फील्ड, म्हणजे अर्ध्या-अर्ध्या चौकटी. बाहेरचं 16 मिलिमीटर फिल्मवर, सेकंदाला 25 चौकटी. म्हणून आत हालचाल गुळगुळीत आणि बाहेर दाणेदार. तेव्हाच्या बहुतेक ब्रिटिश मालिका अशाच आहेत. 1970 ची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’ तेवढी स्टुडिओतल्या संपामुळे पूर्ण फिल्मवर झाली आणि म्हणून आज जुन्या मालिकेतली सर्वांत देखणी तीच. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय मात्र बंद ठेवा, ती बाहेरच्या दृश्यांची चव घालवते.

‘हू’ हे त्याचं आडनाव का? (सातारा)

नाही. तो फक्त ‘डॉक्टर’. ‘हू’ हा समोरच्याला पडलेला प्रश्न.

या मालिकेत भारताशी संबंधित काही आहे का? (नागपूर)

पहिल्याच भागापासून आहे. तो दिग्दर्शित केला वारिस हुसेन यांनी. जन्म लखनौचा, वय तेव्हा जेमतेम चोवीस. वर उल्लेख केलेली ‘मार्को पोलो’ही बहुतांशी त्यांचीच. कथेत भारत हवा असेल तर 11 नोव्हेंबर 2018 चा ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ बघा. लेखक विनय पटेल. फाळणीच्या दिवसांतलं एक लग्न, आणि परग्रहावरचे पाहुणे दिसतात तसे दुष्ट नाहीत. दुष्टपणा घरातच आहे. मालिकेचं आधीचं काहीही न बघता हा भाग समजतो, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना सोबत घेऊन बसायला हरकत नाही.

मालिकेच्या जन्माची गोष्ट सांगणारा एक चित्रपट बीबीसीनं 2013 मध्ये केला. त्यात वारिस हुसेन यांची भूमिका साशा धवन यांनी केली होती. त्याच धवन यांना 1 जानेवारी 2020 च्या भागात डॉक्टरचा हाडवैरी ‘मास्टर’ म्हणून आणलं गेलं.