सोन्याचे वय कशावरून ओळखतात?

प्रश्न (एक वाचक, श्रीवर्धन) : दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात मोहेंजोदडोचे सोन्याचे दागिने पाहिले आणि त्यानंतर एका पुस्तकात इराकमधील उर येथील राजथडग्यांतून निघालेल्या सोन्याच्या पेल्यांची छायाचित्रे पाहिली. आमच्या देवघरातील पितळेची समई खाऱ्या वाऱ्याने आठ दिवसांत काळवंडते. मग चार हजार वर्षांचे सोने कालच घडवल्यासारखे कसे दिसते? ते घासून उजळलेले असते का? आणि ते तेवढे जुने आहे, हे कशावरून ठरवतात?

उत्तर : समई काळवंडते, कारण पितळेतील तांबे हवेतील प्राणवायूशी, ओलाव्याशी आणि मिठाशी संयोग पावते. सोने तसे करत नाही. ते जमिनीत हजारो वर्षे पडून राहिले तरी सोनेच राहते. अर्थात जुन्या काळचे सोने सहसा शुद्ध नसे. नदीच्या वाळूतून गाळलेल्या सोन्यात निसर्गतःच चांदी असते, थोडे तांबेही असते, आणि जमिनीतील क्षारांमुळे ही हीण वरच्या थरातून हळूहळू निघून जाते. त्यामुळे पुरलेल्या वस्तूचा पृष्ठभाग आतल्या धातूपेक्षाही अधिक पिवळा झालेला आढळतो. जाणकार संग्रहालयात अशा वस्तू घासत नाहीत. माती मऊ कुंचल्याने काढतात आणि तिथेच थांबतात, कारण घासणीबरोबर कारागिराच्या हत्याराच्या खुणाही जातात.

आणि आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर त्या खुणांतच आहे. लाकूड, कोळसा, हाड यांचे वय कार्बन-पद्धतीने काढता येते. सोन्यात कार्बन नाही, म्हणून निव्वळ धातूचा तुकडा हाती दिला तर तो कधी घडवला हे कोणतेही यंत्र थेट सांगत नाही. वय कळते ते दोन गोष्टींवरून : वस्तू घडवली कशी, आणि ती सापडली कशाबरोबर.

घडण कशी वाचतात, ते एका तारेवरून पाहू. आपल्याकडचा सोनार पोलादी पट्टीच्या छिद्रांतून तार ओढतो. अशा तारेवर भिंगातून पाहिले तर लांबीच्या दिशेने सरळ, समांतर रेघा दिसतात. फार प्राचीन तार अशी ओढलेली नसते. पत्र्याची अरुंद पट्टी कापून, तिला पीळ देऊन आणि सपाट फळ्यांमध्ये लाटून ती केलेली असते, म्हणून तिच्यावर मळसूत्रासारखी फिरत जाणारी शिवण राहते. मोहरीहूनही कितीतरी बारीक असे सोन्याचे रवे दागिन्यावर बसवण्याची जुनी रीत तर मला या साऱ्या कारागिरीतली सर्वांत विलक्षण वाटते. तक्षशिलेच्या सिरकप येथे पुरातत्त्वज्ञ जॉन मार्शल यांना सापडलेल्या, सुमारे इसवी सनाच्या पहिल्या शतकातील दागिन्यांवर असे रवे आहेत. तांब्याच्या खनिजाची पूड डिंकासारख्या चिकट पदार्थात कालवून तिने रवा चिकटवायचा आणि दागिना तापवायचा. डिंक जळून त्याचा कोळसा होतो, तो कोळसा खनिजातून तांबे मोकळे करतो, आणि ते कणभर तांबे सोन्यात मिसळून नेमका सांध्याचाच भाग लवकर वितळवते. शुद्ध सोने १०६४ अंश सेल्सिअसला वितळते. सांधा त्याच्या बराच आधी जुळतो, म्हणून रवा गोलच राहतो आणि डाग दिल्याची, म्हणजे झाळून जोडल्याची, खूण कुठे दिसत नाही.

उरच्या पेल्यांचे काम निराळे. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उर येथे उत्खनन केले. पुआबी राणीच्या थडग्यातील पेले सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचे आहेत आणि ते पत्रा ठोकून घडवलेले आहेत. ठोकत गेले की सोने ताठर होऊन चिरू लागते. म्हणून ते मधूनमधून तापवून मऊ करावे लागते आणि पुन्हा ठोकावे लागते. उभ्या पन्हळींचा पेला पाहताना कारागिराने हे किती वेळा केले असेल, याचा विचार अवश्य करावा. त्याच दफनभूमीत सिंधू संस्कृतीत घडवलेले, पांढऱ्या नक्षीचे लाल कार्नेलियन दगडाचे मणीही निघाले. एका थडग्यात कोणती वस्तू कोणत्या वस्तूजवळ होती याची नोंद ठेवली गेली, म्हणूनच दोन संस्कृतींचा काळ एकमेकींशी जुळवता आला.

प्रश्न (एक वाचक, दापोली) : आपल्या कोकणात असे प्राचीन सोने मिळाले आहे का?

उत्तर : मिळाले आहे, आणि ते फार मोलाचे आहे. पालघर जिल्ह्यातील सोपारा म्हणजे जुने शूर्पारक बंदर. तेथे बुरुडराजाचा कोट म्हणून ओळखली जाणारी एक टेकडी होती. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ती खणवली, तेव्हा आत विटांचा स्तूप निघाला आणि स्तूपाच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा. सोन्याच्या चिमुकल्या करंड्यात होत्या मातीच्या भांड्याच्या तेरा खापऱ्या! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून त्या श्रद्धेने जपल्या असाव्यात, असे इंद्रजींचे मत होते. सोबत सोन्याची फुलेही होती. हा ठेवा मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहे.

येथेही सोन्याने आपले वय सांगितले नाही. ते शेजाऱ्यांनी सांगितले. ठेव्यात यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाचे चांदीचे नाणे होते, म्हणजे काळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धाचा. परंतु करंड्याभोवती मांडलेल्या आठ कांस्यमूर्ती, सात बुद्ध आणि पुढे येणारा बुद्ध मानला जाणारा मैत्रेय, शैलीवरून आठव्या-नवव्या शतकातील ठरतात. याचा अर्थ स्तूप मध्यंतरी एकदा उघडून पुन्हा बंद केला गेला असावा. इंद्रजींनी सोन्याचा करंडा तेवढा उचलला असता आणि बाकीचे तिथेच टाकले असते, तर यातले काहीच आपल्याला उमगले नसते.

प्रश्न (एक वाचक, मालवण) : आमच्याकडे पणजीची पुतळ्यांची माळ आहे, गौरीच्या सणाला ती बाहेर काढतो. सोनार म्हणतात, मोडीत घाला, नवे काहीतरी करू. दुसरे असे की, घराचा पाया खणताना जुने सोने सापडले तर ते कोणाचे?

उत्तर : माळ कृपा करून मोडू नका. प्राचीन सोने जगात इतके थोडे उरले, त्याला जमीन कारणीभूत नाही, मूस कारणीभूत आहे. प्रत्येक पिढीने मागच्या पिढीचे सोने आटवले, आणि आज संग्रहालयांत दिसते ते बहुतांशी थडग्यांत किंवा स्तूपांत राहून त्यातून सुटलेले.

आधी भिंग घेऊन पुतळ्या पाहा. पुतळी हे नाव मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याला पडले. १२८४ पासून १७९७ पर्यंत पाडलेले, सुमारे साडेतीन ग्रॅमचे आणि जवळजवळ शुद्ध सोन्याचे हे नाणे व्यापारातून आपल्या किनाऱ्यावर आले. एका बाजूला उभा संत आणि त्याच्यासमोर ध्वज धरून गुडघे टेकलेला व्हेनिसचा प्रमुख, दुसऱ्या बाजूला लंबवर्तुळात ताऱ्यांमध्ये उभा येशू, असे त्याचे चित्र असते. कडेने लॅटिन अक्षरे स्पष्ट असतील तर प्रमुखाच्या नावावरून नाण्याचा काळ ठरतो. अक्षरांच्या जागी नुसत्या रेघा असतील, तर ती येथील सोनाराने केलेली नक्कल असावी. तिचेही मोल कमी मानू नये. माळ धुवायची तर रिठ्याच्या कोमट पाण्याने धुवावी, तेजाबात बुडवू देऊ नये, आणि जुना गोफ बदलायचा झाल्यास आधी दोन्ही बाजूंची छायाचित्रे काढून ठेवावीत.

जमिनीत सापडलेल्या धनाला १८७८ चा निखात निधी कायदा लागू होतो. दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. न कळवणे हा गुन्हा आहे. शासनाने तो ठेवा स्वतःकडे घ्यायचे ठरवले, तर धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश रक्कम हक्कदारांना मिळते. आणि कळवेपर्यंत खणणे थांबवावे, वस्तू धुऊ नये, आसपासची खापरे फेकू नयेत; पुरातत्त्व खात्याची माणसे येतील तेव्हा ती पहिल्यांदा त्या खापरांकडेच पाहतील.