नॉटिंगहॅमला येण्याआधी पाहिलेले स्किनहेड सिनेमे: त्यातलं कालचं किती, आजचं किती

तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी नॉटिंगहॅमला येताय. तयारी म्हणून ‘धिस इज इंग्लंड’, ‘मेड इन ब्रिटन’ आणि ‘अमेरिकन हिस्टरी एक्स’ हे स्किनहेडांवरचे, म्हणजे डोकं तासून मोठे बूट घालणाऱ्या तरुण टोळ्यांवरचे सिनेमे पाहिले आणि आता घरचे धास्तावलेत. तासलेलं डोकं आणि मोठे बूट दिसले की रस्ता बदलायचा का, असं तुम्ही विचारलंय. नाही, बदलायची गरज नाही. पण हे सिनेमे खोटे आहेत असंही समजू नका. ते एका विशिष्ट काळाबद्दल खरं बोलतात, आणि आपल्यासारख्यांच्या वाट्याला आलेला भाग बहुतेकदा कडेला ठेवतात. या दोन्ही गोष्टी नीट कळल्या तर भीती योग्य जागी राहील.

आधी ‘अमेरिकन हिस्टरी एक्स’ बाजूला काढा. १९९८चा तो सिनेमा लॉस एंजेलिसचा आहे. त्यातल्या तुरुंगातल्या टोळ्या, बंदुका, शेजारपाजारचं वातावरण, सगळं अमेरिकेचं. ‘रोम्पर स्टॉम्पर’ कुणी सुचवला असेल तर तो मेलबर्नचा. ब्रिटनच्या रस्त्याबद्दल या दोन्हींतून काहीही अंदाज बांधू नका.

‘धिस इज इंग्लंड’ मात्र तुमच्या गावाशी थेट जोडलेला आहे. शेन मेडोजने तो २००६ मध्ये केला आणि बरंचसं चित्रीकरण नॉटिंगहॅमच्या सेंट अॅन्स, लेंटन आणि मेडोज या वस्त्यांत झालं. लेंटनमध्ये आज विद्यार्थ्यांची घरं खच्चून भरलेली आहेत, तुम्हीही कदाचित तिथेच राहाल. घरच्यांना सांगा, पडद्यावरच्या त्या विटांच्या गल्ल्या खऱ्या आहेत, पण कथेतलं साल १९८३ आहे. फॉकलंडचं युद्ध संपून जेमतेम वर्ष झालेलं, बेकारांची संख्या तीस लाखांवर, आणि नॅशनल फ्रंट या वंशवादी पक्षाची माणसं अशा पोरांच्या शोधात. बारा वर्षांचा शॉन आधी वुडीच्या टोळीत जातो, तिथे जमैकन वंशाचा मिल्कीही आहे. मग तुरुंगातून सुटलेला कॉम्बो येतो आणि टोळी फुटते. एकच पेहराव, एकच संगीत, आणि त्यात दोन परस्परविरोधी माणसं. हे या सिनेमाने फार प्रामाणिकपणे दाखवलंय. दिग्दर्शक शेन मेडोज स्वतः तरुणपणी स्किनहेड होता, म्हणून कपड्यांचे आणि बोलण्याचे तपशील इतके अचूक उतरलेत.

पण त्याच सिनेमातलं दुकानदाराचं दृश्य पुन्हा पाहा. कॉम्बोची टोळी सँधू नावाच्या माणसाच्या दुकानात घुसते, धमकावते, लुटते. दृश्य संपतं आणि सँधूही संपतो. त्याचं घर, त्याची मुलं, दुसऱ्या दिवशी त्याने दुकान उघडलं की नाही, काहीच कळत नाही. सिनेमाचं सगळं दुःख गोऱ्या कॉम्बोच्या आणि काळ्या मिल्कीच्या नात्यात आहे. स्किनहेडांवरच्या ब्रिटिश सिनेमांतली ही मोठी उणीव आहे असं मला वाटतं.

ती का महत्त्वाची, यासाठी थोडा इतिहास. स्किनहेड १९६०च्या दशकाच्या शेवटी लंडनच्या कामगार वस्त्यांत आले. मॉड म्हणजे टापटीप कपड्यांची हौस असलेल्या ब्रिटिश पोरांचा कडक पेहराव आणि जमैकन ‘रूड बॉइज’ तरुणांचं स्का-रेगे संगीत यांच्या संगमातून. जमैकन संगीत काढणारी ट्रोजन रेकॉर्ड्स ही कंपनी १९६८ची, आणि १९६९ मध्ये डेस्मंड डेकरचं गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं ते याच लाटेत. सिनेमे आणि माहितीपट इथवर सांगून म्हणतात की मूळ चळवळ निर्मळ होती, ७०च्या दशकाच्या शेवटी वंशवाद्यांनी ती पळवली. अर्धं बरोबर आहे. जमैकन संगीतावर नाचणारी त्यातलीच काही पोरं १९६९-७० मध्येच पूर्व लंडनच्या ईस्ट एंडमध्ये दक्षिण आशियाई माणसांना गाठून मारत होती. एप्रिल १९७० मध्ये तोसिर अली कामावरून घरी परतत असताना मारले गेले. काळ्यांशी दोस्ती आणि आपल्यावर हात उगारणं, ही दोन्ही एकाच टोळीत नांदू शकत होती.

‘मेड इन ब्रिटन’मध्ये हे स्पष्ट दिसतं. अॅलन क्लार्कचा हा टीव्हीपट, १९८३ मध्ये दाखवलेला. सोळा वर्षांचा ट्रेव्हर, म्हणजे टिम रॉथ, कपाळावर स्वस्तिक गोंदवलेला (हिटलरचं, आपलं नव्हे), एका आशियाई माणसाच्या घरावर दगडफेक करायला जातो तेव्हा त्याच्यासोबत असतो एरॉल, काळा मुलगा. बहुतेक प्रेक्षक रॉथच्या अभिनयात इतके गुंततात की हा तपशील निसटतो.

पुढचा काळ अधिक हिंसक होता. ४ मे १९७८ला व्हाइटचॅपलमध्ये अल्ताब अली या कापड कामगाराचा खून झाला. दहा दिवसांनी हजारो बंगाली माणसं त्याच्या शवपेटीमागे हाइड पार्कपर्यंत चालत गेली. आज त्या जागेजवळच्या बागेला त्याचं नाव आहे. ३ जुलै १९८१ला साउथॉलच्या हॅम्ब्रो टॅव्हर्नमध्ये ‘ओय’ बँडांचा (स्किनहेडांमध्ये लोकप्रिय पंक संगीत) कार्यक्रम होता, पूर्व लंडनहून बसने स्किनहेड आले, दुकानांच्या काचा फुटल्या, आणि तिथल्या आशियाई तरुणांनी रस्त्यावर उतरून त्यांना परतवलं. पब जळून गेला. आपली माणसं पडद्यावर फक्त मार खाताना दिसतात. प्रत्यक्षात ती उभी राहिली, संघटित झाली, आणि आज तुम्ही-आम्ही ज्या निर्धास्तपणे फिरतो त्यात त्यांचा वाटा मोठा आहे. हे पाहायचं असेल तर चॅनल फोरची २०२४ची ‘डिफायन्स’ ही तीन भागांची माहितीपट-मालिका पाहा. कथापटांत ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ (१९८५) आधी पाहा. हनीफ कुरेशींनी लिहिलाय, त्यामुळे आशियाई कुटुंब मध्यभागी आहे, नॅशनल फ्रंटबरोबर फिरलेला जॉनी त्यांच्याकडे नोकरी करतो, आणि पैसेवाल्या आशियाईंनाही कथेत सूट मिळत नाही.

मॉड, रॉकर, टेडी बॉय या त्याआधीच्या तरुण टोळ्यांबद्दल फार काळजी नको. ‘क्वाड्रोफीनिया’ (१९७९) सुंदर आहे, १९६४च्या ब्रायटनमधल्या हाणामाऱ्या त्यात आहेत. पण त्या वर्षीच्या किनाऱ्यावरच्या मारामाऱ्यांना वर्तमानपत्रांनी किती फुगवलं, यावर स्टॅन्ली कोहेन यांनी १९७२ मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. समाज एखाद्या तरुण टोळीला राक्षस ठरवतो तेव्हा काय होतं याचं ते आजही वापरात असलेलं विश्लेषण आहे. टेडी बॉयचा काळ अधिक काळा, ऑगस्ट १९५८ मध्ये खुद्द सेंट अॅन्समध्ये वंशदंगल झाली आणि त्यापाठोपाठ लंडनच्या नॉटिंग हिलमध्ये.

आता कपडे. आठ भोकांचे डॉक मार्टिन्स, मॉडेल १४६०, हे मुळात कामगारांचे बूट. १ एप्रिल १९६०ला नॉर्थॅम्प्टनशरच्या वोलस्टनमध्ये बनले, म्हणून नाव १-४-६०. आज विद्यार्थिनी, वेटर, सगळे घालतात. फ्रेड पेरीचा शर्ट, हॅरिंग्टन जाकीट, बेन शर्मन, गॅलस, या कुठल्याही एका वस्तूवरून माणसाचं राजकारण कळत नाही. पांढरी लेस म्हणजे वंशवादी, लाल लेस म्हणजे अमुक, ही यादी इंटरनेटवर फिरते. ती गावोगाव आणि टोळीगणिक वेगळी होती, तिच्यावर विसंबू नका. टकलावर तर बिलकुल विसंबू नका: इथे केस विरळ झाले की अर्धे पुरुष न्हाव्याला ‘नंबर वन’ किंवा ‘नंबर टू’ची मशीन फिरवायला सांगतात.

वाचायचं असेल तर बिल्ले आणि गोंदण वाचा. ट्रोजन योद्ध्याचं शिरस्त्राण किंवा काळ्या-पांढऱ्या चौकटी म्हणजे रेगे आणि टू-टोन, कॉव्हेंट्रीतून १९७९ मध्ये निघालेलं मिश्रवंशी संगीत. अशी माणसं बहुधा वंशवादविरोधीच असतात, ‘शार्प’ (वंशद्वेषाविरुद्ध स्किनहेड) नावाची त्यांची चळवळ १९८७पासून आहे. वर्तुळातला सेल्टिक क्रॉस, ८८, १८ हे आकडे दिसले तर मात्र अंतर ठेवा. ८८ म्हणजे इंग्रजीतलं आठवं अक्षर दोनदा, हिटलरला सलाम. १८ म्हणजे पहिलं आणि आठवं, हिटलरची आद्याक्षरं. सेंट जॉर्जचा लाल क्रॉसचा झेंडा, जो शॉन शेवटी समुद्रात फेकतो, फुटबॉलच्या स्पर्धेत घरोघरी लागतो, तेव्हा त्याचा वेगळा अर्थ काढू नका.

सिनेमे पाहून येणाऱ्यांची नेमकी चूक होते ती इथे: ते आजचा धोका जुन्या गणवेशात शोधतात. ऑगस्ट २०२४ मध्ये साउथपोर्ट गावातल्या लहान मुलींच्या हत्याकांडानंतर खोट्या अफवांवरून दंगली झाल्या, रॉदरहॅमजवळ आश्रयार्थींच्या हॉटेलला आग लावायचा प्रयत्न झाला. त्या चित्रफिती पाहा. गॅलस नाहीत, बूट नाहीत. ट्रॅकसूट, टी-शर्ट, चाळिशी-पन्नाशीतली माणसंही. निमंत्रण मोबाइलवरून गेलेलं. त्यामुळे कुणाचे कपडे पाहण्यापेक्षा बातम्या पाहा. निदर्शनं जाहीर झाली असतील त्या दिवशी विद्यापीठाचा ईमेल वाचा आणि शहराच्या मध्यभागाचं काम दुसऱ्या दिवशी करा.

रोजच्या आयुष्यात त्रास झालाच तर तो बहुधा शब्दांचा असतो. शुक्रवारी-शनिवारी रात्री पब बंद होताना, शेवटच्या ट्रामवर, चालत्या गाडीतून. नॉटिंगहॅम फॉरेस्टचं सिटी ग्राउंड आणि नॉट्स काउंटीचं मेडो लेन ही दोन फुटबॉल मैदानं ट्रेंट नदीच्या दोन काठांवर आहेत. सामन्याच्या आधी-नंतर तासभर तिथे गर्दी आणि आरडाओरडा असतो, पण त्यात लेकुरवाळी कुटुंबंही असतात. फुटबॉल गुंडांचे सिनेमे पाहून घाबरू नका, अस्वस्थ वाटलं तर तेवढा तास टाळा.

कुणी ‘पाकी’ म्हणून ओरडलं तर तुम्ही महाराष्ट्राचे, त्याला माहीत नाही वगैरे समजावत बसू नका. ही शिवी सगळ्या दक्षिण आशियाईंना दिली जाते. आणि आपण घरी सहज म्हणतो म्हणून इथे पाकिस्तानी शेजाऱ्याबद्दल हा शब्द चुकूनही वापरू नका, अगदी मराठीत बोलतानाही. तो शब्द सगळ्यांना ऐकू येतो.

उत्तर न देता चालत राहा, उजेडाकडे किंवा दुकानात शिरा. मारहाण किंवा धमकी चालू असेल तर ९९९. होऊन गेलं असेल तर १०१, किंवा पोलिसांच्या ‘ट्रू व्हिजन’ संकेतस्थळावर नोंदवा. रेल्वेत असाल तर ६१०१६वर मेसेज पाठवा, बोलावं लागत नाही. लगेच फोनमध्ये टिपा: वेळ, बस किंवा ट्रामचा क्रमांक, थांबा, दिशा. बसमधलं सीसीटीव्हीचं चित्रण फार दिवस ठेवत नाहीत, म्हणून तक्रारीला उशीर करू नका आणि तक्रारीतच ‘चित्रण राखून ठेवा’ असं लिहा. क्राइम रेफरन्स नंबर, म्हणजे तक्रारीचा क्रमांक, मागून घ्या, तो विद्यापीठाला आणि विम्याला लागतो. हल्ला वंशद्वेषातून झाला असं तुम्हाला वाटलं तर पोलिसांनी तो तसा नोंदवायचा असतो, आधी पुरावा द्यावा लागत नाही. १९९८च्या कायद्याने वंशद्वेषी मारहाण आणि धमकीला जास्त शिक्षा आहे. आणि अनेक विद्यार्थी ज्या भीतीने गप्प बसतात ती सोडून द्या: तक्रार दिल्याने स्टुडंट व्हिसावर काहीही परिणाम होत नाही.

घरच्यांसोबत पाहायला क्रम सांगतो. ‘माय ब्यूटिफुल लाँड्रेट’ आधी, मग ‘मेड इन ब्रिटन’, मग ‘धिस इज इंग्लंड’ पुन्हा. त्याच्या पुढच्या तीन टीव्ही मालिका, ’८६, ’८८ आणि ’९०, इथे आल्यावर पाहा. त्यात लैंगिक हिंसाचार आहे, आईवडिलांसोबत लावू नका. चॅनल फोरच्या अॅपवर नंतर मोफत पाहायला टीव्ही लायसन्स (टीव्ही पाहण्याचा पैसे भरून घ्यायचा परवाना) लागत नाही. कुठल्याही वाहिनीचं थेट प्रक्षेपण किंवा बीबीसी आयप्लेयर पाहायचं असेल तर लागतं, आणि हॉस्टेलच्या खोलीत स्वतंत्र घ्यावं लागतं.