सोलापुरात एकच दिवस आहे. कला, करमणूक असं काही बघायला मिळेल, की सरळ अक्कलकोट गाठू?

अक्कलकोट चाळीसेक किलोमीटरवर आहे, दुपारनंतर निघालात तरी दर्शन होतं. पण तुमचं ते 'की सरळ' वाचून मला आमचे दाजी आठवले. पुण्याचे. दर खेपेला स्टेशनवरून रिक्षात बसले की पहिलं वाक्य ठरलेलं, "तुमच्या सोलापुरात चादर आणि धूळ सोडून आहे काय?"

एका संक्रांतीला त्यांना हट्टानं सिद्धेश्वर मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर नेलं. आमचं ग्रामदैवत सिद्धरामेश्वर, त्यांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न, त्याच्या अक्षता. भर दुपारची वेळ. सात नंदीध्वज येतात. बाराबंदीतला गडी कमरेच्या पट्ट्यात बुंधा अडकवून ती उंच काठी तोलत येतो. मानेच्या शिरा तट्ट फुगलेल्या, डोळे शेंड्यावर. दाजी सावली शोधत होते. "ही कुठली भाषा?" म्हणाले. कानडी, म्हटलं. "महाराष्ट्रात?" आता यांना काय सांगणार! शेजारची म्हातारी नातवाला तेलुगूत दटावत होती, फुगेवाला उर्दूत भाव सांगत होता, आणि 'हर्र बोला हर्र' सगळ्यांचंच चाललं होतं. अक्षता टाकायला हजारो हात एकदम वर गेले. दाजींचाही गेला. मी बघितलं की.

चार दिवसांनी ताईचा फोन. शर्ट धुवायला काढला तर खिशात अक्षता. "देवघरात ठेव म्हणाले," ती सांगत होती. आणि पुढच्या खेपेला रिक्षात पुन्हा तेच वाक्य!

तर तुमचं. गड्ड्याचे, म्हणजे या संक्रांतीच्या जत्रेचे दिवस नसतील तर सकाळी तलावातलं सिद्धेश्वर मंदिर, लागूनच भुईकोट किल्ला. मग पूर्व भागात जा. मागाची खडखड ऐकू आली की दारात उभं राहून विचारा, नीट विचारलं तर आत घेतात. जेकार्डचे भोकं पाडलेले पुठ्ठे सरकताना आणि खाली चादरीवर फूल उमटताना बघा, कला-कला म्हणतात ती हीच. चादर मात्र स्वस्त दिसली की पानिपतची नक्कल समजा.

संध्याकाळी हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक असेल तर सोडू नका. आत जाण्याआधी हे हुतात्मे कोण ते माहीत करून घ्या : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १२ जानेवारी १९३१, येरवड्यात फाशी. 'महाराष्ट्रात कानडी?' विचारणाऱ्यांनी तर ही नावं दोनदा वाचावीत.

हां, नाटक रोज नसतं. आणि एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर वरचं सगळं विसरा, ४२ डिग्रीत तलावाकाठी उभं राहवत नाही. मग खरंच सरळ अक्कलकोट.

दाजी, वाचत असाल तर, त्या अक्षता अजून देवघरात आहेत. ताईनं सांगितलंय मला.